मोठा कुत्रा लवकर म्हातारा का होतो : पूर्वकर्म की कारण?



ज्या घरात कुत्रा पाळलेला असतो, त्या घरातील लहान मूल कधी ना कधी एक प्रश्न विचारतेच. "बाबा, हा माझ्यानंतर आपल्या घरी आला. मी अजून शाळेत आहे, मग हा म्हातारा कसा झाला?" कुत्रा मोठ्या अंगाचा असेल तर हा प्रश्न आणखी लवकर येतो. मूल आठ-नऊ वर्षांचे होते न होते तोच कुत्र्याचे तोंड पांढरे होते, त्याला पायऱ्या चढवत नाहीत आणि तो दिवसभर दाराशी पडून राहतो.

ह्या प्रश्नाचे एक तयार उत्तर आपल्या समाजात फार जुने आहे. शेजारची एखादी म्हातारी, कदाचित आपल्याच घरातली आजी, सहज बोलून जाते, "मागल्या जन्मीचे पाप असेल, म्हणून कुत्र्याचा जन्म आला आणि आयुष्यही थोडे मिळाले." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण मूल ते ऐकते आणि मनात ठेवते.

आता विचार करा. आज त्या मुलाला पटले की कुत्र्याचे थोडे आयुष्य हे मागल्या जन्मीच्या पापाचे फळ आहे, तर उद्या त्याला दुसरी गोष्टही पटेल. आपल्या पणजोबांना गावकुसाबाहेर राहावे लागले, तेही मागल्या जन्मीच्या पापामुळेच, असे कोणी सांगितले तर तो काय उत्तर देईल? एका ठिकाणी जी समजूत खरी मानली, ती दुसऱ्या ठिकाणी खोटी म्हणणे कठीण जाते. म्हणून कुत्र्याच्या वयाचा हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. त्याचे खरे उत्तर आईबापांना माहीत असले पाहिजे.

कुत्र्याची चर्चा कशाला?

कोणी म्हणेल, माणसांचे इतके प्रश्न पडले असताना कुत्र्यामांजरांची चर्चा कशाला? हा आक्षेप रास्त आहे, आणि तो आपल्या लोकांनी घेतला तर त्याला इतिहासाचा आधारही आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ व श्वपच यांनी गावाबाहेर राहावे आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन असावे असा नियम घातला आहे. म्हणजे कुत्रा हे त्या व्यवस्थेत अपमानाचे चिन्ह होते. दुसऱ्या बाजूने पाहा. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पिऊ शकत होती, पण अस्पृश्य माणूस पिऊ शकत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह ते पाणी प्राशन केले, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले.

पण ह्या साऱ्यात कुत्र्याचा अपराध कोणता? नियम माणसांनी केले होते. ते मोडायचे होते माणसांनी आणि पाळायला लावले होते तेही माणसांनीच. बाबासाहेबांनी मनूचा राग कुत्र्यावर काढला नाही. दादरच्या राजगृहात फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेले एक छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्यात यशवंतराव आहेत, बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव आहेत. आणि त्याच छायाचित्रात बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबीही आहे. मनूने ज्या प्राण्याला अपमानाचे धन ठरवले होते, तो राजगृहात घरच्या माणसांबरोबर छायाचित्रात घेतला गेला.

ह्या छायाचित्राकडे वयाच्या दृष्टीनेही पाहा. त्यानंतर सव्वा वर्षाने, २७ मे १९३५ रोजी रमाईंचे निधन झाले. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस उजाडला, तेव्हा त्या छायाचित्राला बावीस वर्षे होऊन गेली होती. बावीस वर्षे म्हणजे माणसाच्या आयुष्यातला एक टप्पा. एक मूल जन्मून कर्ते होते, इतकाच तो काळ. पण कुत्र्याच्या हिशेबाने ते दीड-दोन पूर्ण आयुष्ये झाली. दोघेही एकाच घरात, एकाच छताखाली राहतात, पण काळ दोघांच्या अंगावरून सारख्या वेगाने जात नाही. हे का होते, ते आता पाहू.

सातचा हिशेब तपासून पाहा

आपण सर्वांनी एक हिशेब ऐकलेला आहे : कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे. हा हिशेब इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितला आहे की तो कोणी तपासत नाही. भगवान बुद्धांनी कालामांना काय सांगितले होते? परंपरेने आले म्हणून, अनेक जण म्हणतात म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून एखादी गोष्ट मानू नका. तीच कसोटी येथे लावू.

ह्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. सातच्या हिशेबाने एक वर्षाची कुत्री सात वर्षांच्या मुलीबरोबर येते. पण एक वर्षाच्या कुत्रीला पिल्ले होऊ शकतात. सात वर्षांच्या मुलीच्या दुधाच्या दातांपैकी काही पडायचेच असतात. म्हणजे हिशेब पहिल्याच वर्षी चुकला.

मग खरे काय? अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये ह्याचे एक उत्तर प्रसिद्ध केले. प्रत्येक प्राण्याच्या पेशीत डीएनए असतो, आणि वय वाढते तसतशा त्या डीएनएवरील मिथाइल नावाच्या सूक्ष्म रासायनिक खुणा बदलत जातात. त्या खुणा वाचल्या तर शरीर किती जुने झाले ह्याचा अंदाज येतो. ह्या शास्त्रज्ञांनी १०४ लॅब्रेडॉर कुत्र्यांच्या खुणा ३२० माणसांच्या खुणांशी ताडून पाहिल्या. निष्कर्ष असा निघाला की एक वर्षाचा लॅब्रेडॉर माणसाच्या सुमारे ३१ वर्षांच्या बरोबरीचा असतो. दोन वर्षांचा ४२, चार वर्षांचा ५३, आठ वर्षांचा ६४ आणि बारा वर्षांचा साधारण ७१.

हे आकडे नीट पाहा. पहिल्या वर्षात कुत्रा धावत सुटतो. मग एकापासून दोनपर्यंत अकरा वर्षे, दोनपासून चारपर्यंत अकरा, चारपासून आठपर्यंत पुन्हा अकरा. म्हणजे वेग हळूहळू मंदावत जातो. प्रत्येक वर्ष सारखे नसते, म्हणून एकच आकडा घेऊन गुणाकार करणे चूक आहे. हा हिशेब लॅब्रेडॉरवरून काढलेला आहे, तेव्हा तोही सर्व कुत्र्यांना जसाच्या तसा लावू नये.

तपासून पाहण्याचे महत्त्व सांगणारी आणखी एक घटना आहे. पोर्तुगालमध्ये बोबी नावाचा एक कुत्रा होता. तो गुरे राखणाऱ्या मोठ्या जातीचा होता. तो ३१ वर्षे जगला असे सांगण्यात आले, आणि २०२३ मध्ये गिनेस बुकाने त्याला जगातील सर्वांत वृद्ध कुत्रा ठरवले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तो मेला. पण पशुवैद्यांना शंका आली. मोठ्या अंगाचा कुत्रा इतका कसा जगला? चौकशी झाली, वयाचा भक्कम पुरावा मिळाला नाही, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो मान काढून घेण्यात आला. जगभर छापून आलेली गोष्टसुद्धा पुराव्यावाचून मानायची नसते, ती अशी.

अंग मोठे, आयुष्य लहान

आता मूळ प्रश्नाकडे या. पशुवैद्यांना शंका का आली? कारण मोठा कुत्रा लहान कुत्र्यापेक्षा कमी जगतो, हे त्यांना रोजच्या अनुभवाने माहीत असते. ग्रेट डेन हा वासराएवढा दिसणारा कुत्रा साधारण सात ते दहा वर्षे जगतो. मांडीवर मावणारी लहान जातीची कुत्री बारा, चौदा, कधी त्याहूनही अधिक वर्षे जगतात. दहा वर्षांचा लहान कुत्रा माणसाच्या साठीच्या अलीकडे असतो, तर दहा वर्षांचा मोठा कुत्रा सत्तरीच्या आसपास पोहोचलेला असतो.

हे विचित्र वाटते, कारण निसर्गात एरवी उलट दिसते. हत्ती उंदरापेक्षा पुष्कळ जास्त जगतो. पण ते झाले दोन वेगळ्या प्राण्यांतले अंतर. कुत्र्यांच्या एकाच कुळात मात्र लहान तो दीर्घायुषी आणि मोठा तो अल्पायुषी. जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठाच्या कॉर्नेलिया क्राउस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ७४ जातींच्या पन्नास हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी अभ्यासल्या. मोठे कुत्रे लवकर का मरतात? त्यांचे म्हातारपण लवकर सुरू होते म्हणून, की एकदा सुरू झालेले म्हातारपण जोरात धावते म्हणून? उत्तर मुख्यतः दुसरे निघाले. मोठ्या कुत्र्याचे म्हातारपण वेगाने धावते. त्यांच्या हिशेबाने शरीराचे वजन दोन किलोने वाढले की आयुष्य साधारण एक महिन्याने घटते.

ह्याचे कारण शास्त्रज्ञ वाढीत शोधतात. ग्रेट डेनचे पिल्लू जन्मते तेव्हा आपल्या तळहातावर मावते, आणि वर्षभरात त्याचे वजन सुमारे शंभरपट होते. माणसाचे मूल पहिल्या वर्षात साधारण तिप्पट होते. एवढी वाढ घडवून आणायला शरीरात वाढीचे रस जोराने काम करतात. त्यातला एक इन्शुलिनसारखा असून त्याला आयजीएफ-१ म्हणतात. त्याच्या जनुकातला एक फरक लहान कुत्र्यांना लहान ठेवतो, हे २००७ मध्ये सिद्ध झाले. पेशी झपाट्याने वाढत आणि दुभंगत राहिल्या की त्यांत बिघाड होण्याची संधीही वाढते, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. मोठ्या कुत्र्यांत हाडांचा कर्करोग, खुब्याच्या सांध्याचे दुखणे आणि हृदयाचे स्नायू सैल पडणे हे विकार जास्त आढळतात, हे तर पशुवैद्य रोज पाहतात.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. १९९३ साली मुंबईत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात झंजीर नावाचा लॅब्रेडॉर होता. त्याने नाकाच्या जोरावर हजारो किलो स्फोटके शोधून दिली आणि किती माणसांचे प्राण वाचवले ह्याची गणती नाही. हाच झंजीर नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने मेला. त्याचे वय होते अवघे आठ वर्षे. पोलिसांनी त्याला सन्मानाने मूठमाती दिली. आठ वर्षांचे माणसाचे मूल तिसरीत असते. आठ वर्षांचा लॅब्रेडॉर वर सांगितलेल्या हिशेबाने चौसष्टीचा असतो.

पाप किलोवर मोजतात काय?

आता त्या तयार उत्तराकडे वळू. अल्प आयुष्य हे मागल्या जन्मीच्या पापाचे फळ असेल, तर वरच्या आकड्यांचा अर्थ काय लावायचा? दोन किलो वजनामागे एक महिना आयुष्य कमी होते, म्हणजे पाप किलोवर मोजले जाते काय? चाळीस किलोचा कुत्रा दहा किलोच्या कुत्र्यापेक्षा पंधरा महिन्यांइतका जास्त पापी होता असे म्हणायचे काय? आणि झंजीरने कोणते पाप केले होते? हा हिशेब मांडून पाहिला की पूर्वकर्माची कल्पना आपोआप गळून पडते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचे ओझे ह्या जन्मावर लादणारी कल्पना का नाकारली, ते अशा साध्या उदाहरणावरूनही समजते. हे असल्याने ते होते, हे नसल्याने ते होत नाही, अशी कारणाची साखळी शोधणे ही धम्माची दृष्टी आहे.

आणि कारणाची साखळी शोधत मागे गेलो तर शेवटी कोण सापडतो? माणूस. आज दिसणाऱ्या बहुतेक विलायती जाती गेल्या दोनेकशे वर्षांत माणसाने घडवल्या. इंग्लंडात १८५९ पासून कुत्र्यांची प्रदर्शने भरू लागली आणि १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. कोणते कान, कोणता रंग, किती उंची हे कागदावर ठरले आणि त्याप्रमाणे नर-माद्या जुळवल्या गेल्या. त्या कुत्र्यांना प्रचंड अंग हवे होते काय? ते त्यांच्या धन्यांना हवे होते. किंमत मात्र कुत्रा आपल्या आयुष्याने देतो.

मराठीत आपण कुत्र्यांच्या वाणालाही 'जात' म्हणतो. येथे एक सावधगिरी बाळगा. कुत्र्यांच्या जाती शरीराने खरोखरच वेगळ्या आहेत. माणसांच्या जातींत असा कोणताही शारीरिक भेद नाही. तेव्हा कुत्र्यांचा दाखला देऊन कोणी माणसांतली जात खरी ठरवू लागला तर त्याला तेथेच थांबवा. दोन्हींत साम्य एवढेच की दोन्ही माणसाने केलेल्या आहेत, आणि दोन्हींचा जाच ज्याच्यावर लादला त्यालाच भोगावा लागला.

केवळ वाणच नव्हे, परिस्थितीही आयुष्य ठरवते. कोलकात्याजवळच्या शास्त्रज्ञांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या पिल्लांचा अभ्यास करून २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. ३६४ पिल्लांपैकी वयात येईपर्यंत जगली ती शंभरात सुमारे एकोणीस. मरण पावलेल्यांत निम्म्याहून अधिकांचे मरण कोणत्या ना कोणत्या प्रकारे माणसामुळे आले होते. हाच गावठी कुत्रा एखाद्या घरात वाढला, त्याला लस व अन्न मिळाले, तर बारा-चौदा वर्षे जगू शकतो. त्याचे मागले जन्म तेच, पण आयुष्य बदलले.

आता माणसाकडे पाहा. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुष्य सुमारे ३२ वर्षे होते. आज ते ७० वर्षांच्या आसपास आहे. पाऊणशे वर्षांत साऱ्या भारताचे पूर्वकर्म दुप्पट सुधारले काय? नाही. देवीची लस आली, पाणी आले, दवाखाने आले, धान्य आले. बाबासाहेबांची आणि रमाईंची चार लेकरे लहानपणीच गेली. ती कोणाच्या पापाने गेली नाहीत. हलाखी, आजार आणि औषधपाण्याची वाण ही कारणे होती. ज्याला कारण असते त्यावर उपाय करता येतो. ज्याला नशीब म्हटले, त्यावर हात जोडून बसण्याखेरीज काही उरत नाही.

मग आपले कर्तव्य काय?

दीक्षाभूमीवर घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची व त्यांचे पालन करण्याचीही प्रतिज्ञा आहे. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले आहे. तेव्हा जनावराच्या म्हातारपणाची काळजी घेणे ही काही साहेबी चैन नव्हे. ती ह्याच मातीतली, दोन हजारांहून अधिक वर्षांची जुनी रीत आहे.

पहिली गोष्ट घरी आणण्यापूर्वीची. केवळ गल्लीत मान वाढावा म्हणून कर्ज काढून प्रचंड अंगाचे पिल्लू आणू नका. त्याला खायला किती लागेल, औषधाला किती लागेल, आणि सात-आठ वर्षांनी ते म्हातारे होईल तेव्हा त्याला उचलून कोण नेईल, ह्याचा विचार आधी करा. जाड केसांचे थंड मुलखातले कुत्रे नागपूरला आणणे ही तर क्रूरताच आहे. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि सिमेंटच्या रस्त्यावर माणसाचा अनवाणी पायसुद्धा टिकत नाही. कुत्रा हवाच असेल तर आपला गावठी कुत्रा ह्या उन्हाचा सरावलेला आहे, आणि त्याला घराची गरजही अधिक आहे.

दुसरी गोष्ट खाण्याची. माया म्हणून आपण जास्त खाऊ घालतो. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांवर त्यांच्या जन्मभर एक प्रयोग झाला आणि तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या कुत्र्यांना जोडीदारापेक्षा चौथा हिस्सा कमी अन्न दिले. कमी खाणारे सुमारे तेरा वर्षे जगले, जास्त खाणारे सुमारे अकरा. म्हणजे जवळजवळ दोन वर्षांचा फरक केवळ मापात खाण्याने पडला. खाण्यातला मध्यम मार्ग कुत्र्यालाही लागू पडतो. मोठ्या वाणाच्या पिल्लाला तर लवकर वाढावे म्हणून भरमसाट खाऊ घालू नये. हाडे आणि सांधे बिघडतात.

तिसरी गोष्ट वेळेवर ओळखण्याची. ग्रेट डेनसारखा कुत्रा पाच-सहा वर्षांचा झाला, लॅब्रेडॉर किंवा अल्सेशियन सात-आठचा झाला, की तो म्हातारपणाच्या दारात आला असे समजा. उठताना कण्हणे, पायऱ्यांपाशी थबकणे, अंगावर गाठ येणे, जास्त पाणी पिणे, वजन उतरणे ही लक्षणे दिसली की "चालायचेच" म्हणून सोडू नका. नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथील दवाखान्यात दाखवता येते. सांध्याच्या दुखण्यावर औषध आहे. गुळगुळीत फरशीवर पोत्याचे किंवा सतरंजीचे अंथरूण घातले तरी त्याचे अर्धे हाल कमी होतात.

चौथी गोष्ट सोडून देण्याची. कुत्रा म्हातारा झाला की काही लोक त्याला गाडीत घालून लांबच्या वस्तीत सोडून येतात. जन्मभर घराची राखण केलेल्या जिवाला शेवटी रस्त्यावर टाकणे ह्याला दुसरे नाव नाही, तो विश्वासघात आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे पोलीस दलाचे चार लॅब्रेडॉर निवृत्त झाल्यावर विरारच्या एका शेतावर सांभाळले गेले. २०१६ मध्ये एकामागून एक चौघेही गेले, सीझर सर्वांत शेवटी ऑक्टोबरमध्ये. त्यांना म्हातारपण मिळाले आणि म्हातारपणात माणूसही मिळाला. ज्याने काम केले त्याला शेवटी आसरा, एवढा न्याय प्रत्येक घराला करता येतो.

शेवटचा कठीण प्रश्न

म्हाताऱ्या, असाध्य आजाराने तळमळणाऱ्या कुत्र्याला सुई देऊन शांत करावे काय? पहिले शील तर प्राणहिंसेपासून दूर राहायला सांगते. हा प्रश्न मोठा कुत्रा पाळणाऱ्या घराला लवकर गाठतो, म्हणून तो टाळता येत नाही. ह्याला सर्वांना लागू पडेल असे तयार उत्तर नाही. पण धम्म कृतीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, कृतीमागच्या चेतनेला महत्त्व देतो. म्हणून निर्णयाआधी स्वतःला विचारा : आपल्याला दुःख कोणाचे संपवायचे आहे? त्याचे, की त्याची घाण काढावी लागते, रात्री जागावे लागते, पैसे लागतात, ह्या आपल्या त्रासाचे? वेदना कमी करण्याचे सर्व उपाय करून पाहिले काय? पशुवैद्याने आशा नाही असे स्पष्ट सांगितले काय? ह्या प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे दिल्यावर जो निर्णय होईल तो करुणेचा होईल. ती न देता केलेला निर्णय, सुई देण्याचा असो की न देण्याचा, सोयीचा होईल.

आणखी काही जण म्हणतात, इतक्या थोड्या आयुष्याचा जीव घरी आणून दुःख विकत का घ्यावे? सर्व काही अनित्य आहे हे खरे. पण अनित्य आहे म्हणून माया करू नये असे तथागतांनी सांगितले नाही. अनित्य आहे हे जाणून माया करा, म्हणजे ती वेळेवर कराल. ज्याचे एक वर्ष आपल्या कित्येक वर्षांएवढे आहे, त्याच्या बाबतीत "पुढे पाहू" म्हणणे परवडत नाही.

तेव्हा मुलाने विचारले, तर त्याला खरे उत्तर द्या. सांगा, "बाळ, त्याचे शरीर फार लवकर वाढले, म्हणून ते लवकर झिजले. इतके मोठे शरीर त्याला माणसांनी दिले. त्याने कोणतेही पाप केलेले नाही. आता त्याला आपली गरज आहे." मग पाण्याचे भांडे भरून ते मुलाच्या हातात द्या, आणि त्या म्हाताऱ्या कुत्र्यापुढे त्यालाच ठेवू द्या.